नागपूर ते मुंबई 683 किलोमीटर: एका हृदयाच्या प्रवासाचा प्रकरण अभ्यास

दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर पाच सेकंदांत मिळतो. सहलीला तेवढे पुरते. पण पेटीत बर्फावर ठेवलेले हृदय असेल आणि चार तासांत ते दुसऱ्या छातीत धडधडायला हवे असेल, तर हा आकडा नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते एकेका मिनिटाने तपासावे लागते. या प्रकरणात तो तपास झाला, पण थोडा उशिरा. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

पार्श्वभूमी

थंडीचे दिवस. नागपूरच्या एका रुग्णालयात मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला संमती दिली. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केली. दुसरी तपासणी संध्याकाळी साडेसातला पूर्ण झाली. यकृत आणि मूत्रपिंडांसाठी नागपूर विभागाच्याच यादीत रुग्ण होते. हृदयासाठी जुळणारा रुग्ण विभागात नव्हता, त्यामुळे ते राज्याच्या यादीतून मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयाला मिळाले. ज्याला ते बसवायचे त्याची आधी एक बायपास झालेली होती. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

हृदयाचे घड्याळ दात्याच्या महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, चिमटा लागतो त्या क्षणी सुरू होते. यालाच सगळे क्रॉस-क्लॅम्प किंवा नुसते क्लॅम्प म्हणतात. नव्या शरीरात टाके पूर्ण होऊन चिमटा सुटतो आणि हृदयात पुन्हा रक्त वाहू लागते, तेव्हा ते थांबते. बर्फावरच्या हृदयासाठी साधारण चार तास धरतात. चार तास संपले म्हणजे हृदय लगेच निकामी होते असे नाही. पण त्यापुढे प्रत्येक दहा मिनिटांनी नवे हृदय सुरुवातीला नीट न चालण्याचा धोका वाढतो आणि दात्याचे वय जास्त असेल तर तो आणखी लवकर वाढतो. मूत्रपिंडाला याहून कितीतरी जास्त वेळ मिळतो, यकृतालाही मिळतो. विमानाशिवाय गत्यंतर नसते ते मुख्यतः हृदय आणि फुप्फुसांसाठी.

अडचण

मुंबईच्या समन्वयकांनी रात्री आठच्या सुमाराला पहिला हिशेब मांडला. कॅल्क्युलेटरने नागपूर ते मुंबई अंतर 683 किलोमीटर दाखवले आणि उड्डाणाचा वेळ 1 तास 21 मिनिटे. कागदावर आले ते असे: क्लॅम्पनंतर हृदय बाहेर काढून बांधणे 30 मिनिटे, नागपुरातला रस्ता 12, विमान 80, मुंबईतला रस्ता 18, टाके 60. बेरीज 200 मिनिटे. चार तासांतले चाळीस शिल्लक. ही शिलकी पाहून सगळे निवांत झाले, आणि ती शिल्लकच खोटी होती.

आधी अंतराचे पाहू. 683 हा आकडा बरोबर आहे. दोन्ही धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची रेषा काढली की तोच येतो. एखाद्या साइटवर 682 दिसते, दुसरीकडे 685, कारण कोणी पृथ्वी गोल धरतो तर कोणी ध्रुवांकडे किंचित चपटी. या दोन-तीन किलोमीटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. विमानाला ते कापायला दहा-पंधरा सेकंद लागतात.

खरा घोटाळा एककांत होतो. वैमानिक सागरी मैलांत बोलतो. त्याच्या लेखी हे अंतर 369 आहे आणि एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. ते 369 कोणी साधे मैल समजून 1.609 ने गुणले की 594 किलोमीटर येतात, म्हणजे जवळजवळ नव्वद किलोमीटर गळतात. त्या रात्री चार्टर कंपनीशी, म्हणजे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीशी, झालेल्या फोनवर हा घोळ एकदा झाला आणि तिथेच सुटला. शिवाय विमान त्या सरळ रेषेवरून जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गाने, उड्डाणानंतरचे वळण आणि उतरण्याआधीची रांग धरून, या फेरीच्या उड्डाण आराखड्यात 385 सागरी मैल आले.

आता वेळ. अनेक कॅल्क्युलेटर अंतराला ताशी 800 किलोमीटरने भागतात आणि वर सरसकट अर्धा तास मिळवतात. 683 भागिले 800 म्हणजे 51 मिनिटे, अधिक 30, झाली 81. यात विमान कोणते हे विचारलेले नाही. वारा कुठून आहे हे विचारलेले नाही. दिशाही विचारलेली नाही, म्हणून मुंबई ते नागपूर आणि नागपूर ते मुंबई यांचे उत्तर एकच येते. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. आणि हृदय नेमके परतीच्या प्रवासात असते.

तिसरी गळती कॅल्क्युलेटरची नव्हे, कागदाची होती. ऑपरेशन थिएटरमधून (ओटी) लिफ्टने खाली येणे, विमानतळाच्या गेटवरची तपासणी, गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचे अंतर, इंजिन सुरू होऊन धावपट्टीच्या टोकाला पोहोचणे, उतरल्यावर थांब्यापर्यंत सरपटत जाणे, पुन्हा लिफ्ट. यातले एकही काम दहा मिनिटांच्या फार वर जात नाही, म्हणून ते कोणी लिहीत नाही. सगळे मिळून पाऊण तास खातात.

पर्याय

रस्ता लगेच बाद झाला. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि त्याला आठ तास लागतात.

नियमित प्रवासी विमान हा स्वस्त पर्याय, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अवयव वाहतुकीची कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यानुसार विमान कंपनी अवयव नेणाऱ्यांना पुढच्या रांगेत जागा देते, उशिरा चेक-इन करू देते आणि हवाई नियंत्रण कक्षाकडे उड्डाण व उतरण्यासाठी प्राधान्य मागू शकते. मोठे जेट छोट्या जेटपेक्षा वेगवानही असते. पण त्याची सुटण्याची वेळ आपली नसते. क्लॅम्प त्या वेळेला बांधावा लागतो, आणि क्लॅम्प कधी लागेल हे एकटा हृदयाचा सर्जन ठरवत नाही. त्याच टेबलावर यकृत आणि मूत्रपिंडाच्या टीमही काम करत असतात. नागपूरहून सकाळचे पहिले विमान त्यामुळे राखीव म्हणून ठेवले गेले.

मग उरले चार्टर. इथे दोन प्रस्ताव होते. एक टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या इंजिनाचे लहान विमान, किंग एअरच्या वर्गातले, जे नागपुरातच उभे होते. दुसरे लहान जेट, जे मुंबईहून न्यावे लागणार होते. टर्बोप्रॉप बरेच स्वस्त होते आणि "विमान नागपुरातच आहे" या वाक्यात मोठा धीर होता. समन्वयकांच्या कागदावर दोघांनाही सारखीच 80 मिनिटे लिहिलेली होती. साहजिकच पारडे टर्बोप्रॉपकडे झुकले.

ते फिरवले चार्टर कंपनीच्या ऑपरेशन्स टेबलवरच्या, म्हणजे उड्डाणांची आखणी करणाऱ्या, माणसाने. त्याने एवढेच विचारले: "मॅडम, या ऐंशी मिनिटांत वारा धरलाय का?" टर्बोप्रॉपचा हवेतला वेग साधारण 270 नॉट, म्हणजे ताशी 270 सागरी मैल. 22,000 फुटांवर समोरून 35 नॉटचा वारा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने 235. चढणे आणि उतरणे धरून हवेतच 100 मिनिटे. जेटचा वेग 400 नॉटच्या आसपास. 34,000 फुटांवर समोरून 60 नॉटचा वारा धरूनही 74 मिनिटे. दोघांत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक.

मुंबईहून जेट रिकामे न्यावे लागेल, हा आक्षेपही टिकला नाही. हृदय काढणारी टीम मुंबईचीच असते आणि तिला नागपूरला पोहोचायचेच होते. जेट त्यांना घेऊन जाईल, थांबेल आणि हृदयासकट परत आणेल.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय: जेट. त्याबरोबर जुना कागद फाडून नवा तयार झाला, अकरा ओळींचा. प्रत्येक ओळीला सुरुवात, शेवट आणि एक जबाबदार माणूस. नव्या बेरजेत 225 मिनिटे आली. टर्बोप्रॉपने तीच बेरीज 254 झाली असती, म्हणजे चार तासांच्या वर चौदा मिनिटे. आधीच्या कागदावर मात्र तोच पर्याय चाळीस मिनिटे राखून पोहोचत होता.

दुसरा निर्णय वैमानिकाचा. एवढ्या कमी अंतरासाठी 34,000 फुटांवर जाऊन इंधन वाचते, पण वारा तिथेच सर्वांत जोरात होता. 26,000 फुटांवर तो 35 नॉट होता. खाली राहिले तर चढाईही लवकर संपते. इंधन जास्त जाळून हवेतला वेळ 74 वरून 71 मिनिटांवर आला. तीन मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. पण पंधरा मिनिटांच्या शिलकीतली तीन म्हणजे पाचवा हिस्सा, आणि त्यासाठी एकही सिग्नल बंद करावा लागला नाही.

तिसऱ्या जागी गाडी रुळावरून घसरता घसरता वाचली. रात्री साडेनऊला चार्टर कंपनीचा संदेश आला: परतीचे ईटीडी (सुटण्याची अंदाजे वेळ) 2350, ईटीए (पोहोचण्याची) 0101. विमान वाहतुकीत वेळ जागतिक वेळेत लिहितात, त्याला झुलू म्हणतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. 2350 म्हणजे आपले पहाटेचे 5:20 आणि 0101 म्हणजे सकाळचे 6:31. आणखी एक गंमत अशी की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत झुलूमध्ये आदल्या दिवसाचीच तारीख चालू असते. त्यामुळे संदेशावर त्या रात्रीचीच तारीख होती आणि कोणाला काही खटकले नाही. मुंबईत तो संदेश सरळ वाचला गेला: विमान रात्री 11:50 ला निघणार, 1:01 ला उतरणार. वाहतूक पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला रात्री एकची वेळ कळवली गेली. रुग्णाला पावणेबाराला ओटीत घ्यायचे ठरले.

चूक पकडली भूलतज्ज्ञांनी, दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आणि तीही घड्याळाकडे न पाहता. "नागपूरची ओटी दीडची आहे ना? मग बारा वाजता विमान काय घेऊन निघणार?" नागपूरच्या समन्वयकांना फोन गेला. पलीकडून उत्तर आले, "नाही सर, तो झुलू टाइम आहे. आपले सकाळचे पाच वीस." रुग्णाला भूल दिलेली नव्हती, म्हणून हे फक्त फोनाफोनीवर निभावले. त्यानंतर प्रत्येक संदेशात वेळ भारतीय प्रमाणवेळेत, चोवीस तासांच्या पद्धतीने आणि शेजारी "पहाट" किंवा "रात्र" असा शब्द लिहूनच जायचा, असे ठरले. शब्द लिहिणे बाळबोध वाटते, पण रात्री दहानंतर वाचणारा दमलेला असतो.

जेट रात्री 11:15 ला मुंबईहून उडाले आणि 12:15 ला नागपूरला उतरले. साठ मिनिटे, वारा पाठीशी. टीममधल्या एकाने मुंबईला मेसेज केला की तासाभरात पोहोचलो, येतानाही तासच धरा. त्यावर कागदावरचे 71 खोडून 60 करण्याचा मोह मुंबईत झाला होता. ऑपरेशन्सच्या माणसाने तो मोडून काढला.

चौथा निर्णय सर्वांत अवघड होता: मुंबईत रुग्णाच्या छातीवर पहिला छेद कधी द्यायचा. पूर्वी बायपास झालेल्या रुग्णाची छाती दुसऱ्यांदा उघडताना हृदय हाडाच्या मागे चिकटलेले असते. तिथे घाई करता येत नाही. सर्जननी छाती उघडून तयार व्हायला दोन तास मागितले. लवकर सुरू केले आणि नागपुरात ऐनवेळी हृदय नाकारले गेले, तर त्या माणसाची छाती विनाकारण उघडली जाते. उशीर केला, तर हृदय दारात येऊन बर्फावर पडून राहते. ठरले ते असे: नागपूरचा सर्जन हृदय डोळ्यांनी पाहून आणि हाताने तपासून "घेतो" म्हणेल, तेव्हा मुंबईत भूल. क्लॅम्प लागल्याचा फोन आला की छेद. रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्रावर, घेणे मात्र विमान मुंबईत उतरल्यानंतरच.

क्लॅम्पसाठीही उलटी अट घातली गेली. वैमानिक कॉकपिटमध्ये, उड्डाणाची परवानगी तोंडी मिळालेली, नागपूरच्या धावपट्टीवरची दृश्यमानता ताजी विचारलेली आणि रस्त्यावर पोलीस उभे, या चारही गोष्टींना "हो" आल्याशिवाय चिमटा लावायचा नाही. दृश्यमानतेचे कारण धुके. नागपूरला थंडीत ते सूर्योदयाच्या आगेमागे दाट होते. पाचला मोकळी दिसणारी धावपट्टी साडेसहाला तशी असेलच असे नाही.

प्रत्यक्षात काय झाले

यकृताच्या टीमला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला आणि 4:18 चा क्लॅम्प 4:40 वर गेला. हृदयाच्या घड्याळाला याने धक्का लागत नाही, कारण ते सुरूच झालेले नसते. पण दुसरे एक घड्याळ रात्री सव्वादहापासून चालू होते: वैमानिकांच्या कामाच्या तासांचे. विमानतळावर नुसते बसून राहिलेला वेळही ड्युटीत मोजला जातो. 6:15 च्या आत इंजिन सुरू झाले नाही तर हे वैमानिक उड्डाण करू शकणार नाहीत, असे कंपनीने आधीच सांगितले होते. बदली वैमानिक नव्हते. पाचच्या सुमाराला पहिल्या प्रवासी विमानाच्या कंपनीला दोन जागा धरून ठेवायला सांगितले गेले, ते यासाठीच.

पुढचा प्रवास मिनिटांत:

4:40 क्लॅम्प.
5:04 पेटी बंद. अंदाज 25 मिनिटांचा, लागली 24.
5:12 रुग्णवाहिका निघाली. अंदाज 6, लागली 8. लिफ्ट तळमजल्यावर गेलेली होती.
5:24 नागपूर विमानतळाचे गेट. अंदाज 13, लागली 12.
5:35 विमानाचे दार. अंदाज 7, लागली 11.
5:43 उड्डाण. अंदाज 11, लागली 8.
6:56 मुंबईत उतरले. अंदाज 71, लागली 73.
7:02 विमान थांबले. अंदाज 7, लागली 6.
7:05 रुग्णवाहिका हलली. अंदाज 3, लागली 3.
7:22 रुग्णालय. अंदाज 19, लागली 17.
7:27 ओटी. अंदाज 5, लागली 5.
8:26 टाके पूर्ण, चिमटा सुटला. अंदाज 58, लागली 59.

एकूण 226 मिनिटे, म्हणजे 3 तास 46 मिनिटे. यादी अकरा टप्प्यांची आहे आणि त्यातला हवेतला टप्पा एकच. सर्वांत मोठा तोच, आणि सर्वांत कमी डगमगलेला टप्पाही जवळजवळ तोच: 71 च्या जागी 73, तीन टक्क्यांच्या आत. टक्केवारीने सर्वांत जास्त घसरला तो विमानतळाच्या गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचा काही शे मीटरचा रस्ता. सातची अकरा मिनिटे, कारण पासवर गाडीचा जुना क्रमांक होता. आदल्या संध्याकाळी ठरलेली रुग्णवाहिका रात्री बदलली आणि ते गेटवर कोणी कळवले नाही. चालक पहाटेच्या अंधारात खाली उतरून फोन लावत उभा, मागे पेटी. विमानाला 385 सागरी मैलांत जेवढे चुकायला जमले नाही, त्याच्या दुप्पट मिनिटे एका नंबरप्लेटने घालवली.

ती भरून निघाली उड्डाणाच्या टप्प्यावर. परवानगी आधीच घेतलेली होती, त्यामुळे दार बंद होताच इंजिन सुरू झाले आणि तीन मिनिटे परत मिळाली. मुंबईतही नशिबाची साथ होती. धावपट्टी 27 वापरात होती, म्हणजे विमाने पूर्वेकडून येऊन उतरत होती आणि नागपूरहून येणारे विमान जवळजवळ नाकासमोर आत आले. धावपट्टी 09 वापरात असती, तर मुंबई ओलांडून समुद्रावर जाऊन मागे वळावे लागले असते. प्राधान्य मिळाले तरी त्या फेऱ्याची मिनिटे चुकत नाहीत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकीवर विमान उतरत असताना दुसरी मोकळी वापरता येत नाही. सकाळी सातच्या गर्दीत प्राधान्य म्हणजे बाकीच्यांना थांबवून आपल्याला आत घेणे, आणि ते नियंत्रण कक्षाने केले. नवी मुंबई विमानतळाचा पर्याय तेव्हा नव्हता.

पेटीबद्दल दोन शब्द. हृदय थंड द्रावणात, एकात एक तीन पिशव्यांत आणि बाहेर बर्फ, अशी बांधणी असते. बर्फ हृदयाला थेट टेकू द्यायचा नाही, नाहीतर स्नायू गोठतो. कोरडा बर्फ वापरायचा नाही. तो उणे 78 अंशांचा असतो आणि विमानात धोकादायक माल म्हणून मोजला जातो. पिशव्या बांधताना आतली हवा पूर्ण काढायची, कारण केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो आणि राहिलेली हवा फुगून गाठीवर ताण आणते. पेटी केबिनमध्ये, सीटवर, पट्ट्याने बांधून. 26,000 फुटांवर राहण्याचा एक जोडफायदा म्हणजे केबिनमधला दाबही थोडा जास्त ठेवता येतो.

चिमटा सुटल्यावर हृदयाने लय धरली. रुग्ण तिसऱ्या आठवड्यात घरी गेला.

वेगळे काय करता आले असते

कॅल्क्युलेटरला दोष देणे सोपे आहे, पण आकडे तसे सांगत नाहीत. विमानाचे दार ते मुंबईतला थांबा हा वेळ 8 अधिक 73 अधिक 6, म्हणजे 87 मिनिटे. कॅल्क्युलेटरचे उत्तर 81. सहाच मिनिटांचा फरक. मात्र हे जेटसाठी जुळले, तेही योगायोगाने: वाऱ्याने वाढवलेला वेळ त्या सरसकट अर्ध्या तासात मुरला. टर्बोप्रॉप घेतले असते तर तेच 81 अर्ध्या तासाने चुकले असते. म्हणून अंतर कॅल्क्युलेटरवरून घ्यावे आणि वेळ ऑपरेशन्स टेबलवरून. तिथे विचारताना तीन गोष्टी एकाच वाक्यात विचाराव्यात: कोणते विमान, आजच्या वाऱ्यात, चाकापासून चाकापर्यंत किती. चाकापासून चाकापर्यंत, म्हणजे चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत, हे शब्द आवश्यक आहेत. नाहीतर कोणी दार बंद झाल्यापासून मोजतो, कोणी उड्डाणापासून, आणि प्रवासी कंपन्यांच्या वेळापत्रकातला आकडा तर उशीर पोटात घेऊन फुगवलेला असतो. नागपूर-मुंबईला तिकिटावर दीड ते पावणेदोन तास दिसतात, ते त्यामुळे.

दुसरे, झुलूचा घोळ दुरुस्त झाला तो एका माणसाच्या चौकसपणामुळे, पद्धतीमुळे नव्हे. ऑपरेशन्स टेबल आणि रुग्णालय यांच्यामध्ये एकच व्यक्ती हवी, जिला दोन्ही वेळा कळतात, आणि तिने उड्डाणाची वेळ नेहमी क्लॅम्पच्या वेळेशी ताडून पाहावी. क्लॅम्पपासून उड्डाणापर्यंत इथे 63 मिनिटे लागली. पंधरा-वीस मिनिटांत उड्डाण किंवा क्लॅम्पच्या आधीच उड्डाण असे कागदावर दिसले, तर काहीतरी चुकलेले आहे.

तिसरे, वैमानिकांचे तास. टीमला सोडून जेट पाच तासांहून अधिक उभे राहिले आणि 5:43 च्या उड्डाणाला 6:15 ची मर्यादा अर्ध्या तासावर आलेली होती. क्लॅम्प आणखी पाऊण तास लांबला असता तर पेटी प्रवासी विमानाच्या भरवशावर गेली असती. टीमला आदल्या रात्रीच्या प्रवासी विमानाने नागपूरला पाठवून जेटला पहाटे तीनला बोलावले असते, तर वैमानिक ताजे मिळाले असते. तेव्हा हे सुचले नाही असे नाही. रात्रीच्या शेवटच्या विमानात जागा होती, पण दुसऱ्या तपासणीची वेळ आणि त्या विमानाची वेळ यांच्यात टीम विमानतळावर पोहोचेल याची खात्री नव्हती. आमच्या मते धोका पत्करण्यासारखा होता, कारण ते विमान चुकले तरी जेट हाताशी होतेच.

चौथे, छेदाची वेळ. क्लॅम्पला म्हणजे 4:40 ला छेद दिल्याने 6:40 ला छाती तयार होती आणि हृदय 7:27 ला आले. तयार सर्जन आणि उघडी छाती सत्तेचाळीस मिनिटे थांबली. रुग्ण मशीनवर नव्हता, त्यामुळे नुकसान झाले नाही. पण पुढच्या वेळी छेदाची खूण क्लॅम्प नव्हे, तर पेटी बंद झाल्याचा फोन असावी, यावर दोन्ही टीमचे एकमत झाले. त्याने चोवीस मिनिटे पुढे सरकतात आणि तरीही वीसेक मिनिटे हातात राहतात. मुंबईच्या सर्जनना याहून कमी शिल्लक मान्य नव्हती. दुसऱ्यांदा उघडलेल्या छातीत रक्तस्राव झाला तर वीस मिनिटे कुठे जातात कळत नाही.

अकरा ओळींचा तो कागद आता नागपूरहून निघणाऱ्या प्रत्येक हृदयासाठी वापरला जातो. त्यात गेटच्या ओळीपुढे "गाडीचा क्रमांक, शेवटचा" असा रकाना वाढला आहे. पुण्यासाठी त्याची वेगळी प्रत आहे. नागपूर ते पुणे हवाई अंतर 605 किलोमीटर, मुंबईपेक्षा 78 ने कमी, आणि कॅल्क्युलेटरच्या हिशेबाने सहा मिनिटांची बचत. पण पुण्याचा विमानतळ, म्हणजे लोहगावचा तळ, हवाई दलाचा आहे आणि नियंत्रण कक्षही त्यांचाच, त्यामुळे परवानगीचा फोन वेगळ्या ठिकाणी जातो. पुण्याच्या प्रतीत म्हणून बारा ओळी आहेत, आणि बारावी सर्वांत वर लिहिलेली आहे, क्लॅम्पच्याही आधी.